जुन्या कॅम्पर व्हॅनला नवे इंजिन : हिशेब कशाचा मांडावा?

चाकांवरचे घर म्हणून युरोप-अमेरिकेत लौकिक मिळविलेल्या वाहनांत फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनचे स्थान वरचे आहे. १९७९ मध्ये जर्मनीत अवतरलेली ही गाडी अमेरिकेत ‘व्हॅनागन’ या नावाने विकली गेली. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बिछाना, शेगडी, छोटे शीतकपाट आणि वर उचलता येणारे छत यांची सोय केली. प्रवासातही घरचे अन्न शिजवून खाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना, त्यांत परदेशी स्थायिक झालेली आपली मुले-सुनाही आल्या, तिचा मोह पडावा हे स्वाभाविक होय. मात्र या गाड्यांनी तिशी केव्हाच ओलांडली आहे. सांगाडा धड, पण इंजिन थकलेले, अशी गाडी हाती आली की दुसरे कोणते इंजिन बसवावे, हा प्रश्न उभा राहतो.

मूळ दुखणे

आरंभीची इंजिने हवेने थंड होणारी होती. १९८२ च्या सुमारास पाण्याने थंड होणारे १.९ लिटरचे आणि पुढे २.१ लिटरचे इंजिन आले. अमेरिकेतील २.१ लिटरच्या इंजिनाची शक्ती जेमतेम ९५ अश्वशक्ती होती. भरलेल्या गाडीला घाट चढताना ती अपुरी पडते. दुसरे दुखणे अधिक गंभीर आहे. अयोग्य कूलंट वापरल्यास ॲल्युमिनियमची हेड गंजून खड्डे पडतात आणि रबरी गॅस्केटपाशी गळती सुरू होते.

चार पर्याय

पहिला पर्याय मूळ इंजिनाची संपूर्ण पुनर्बांधणी हा. यात शक्ती फारशी वाढत नाही, पण गाडीच्या रचनेत वा कागदपत्रांत काहीही बदलावे लागत नाही.

दुसरा पर्याय सुबारूच्या २.२ लिटर इंजिनाचा. त्याची शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती. मूळ इंजिनाप्रमाणेच त्याचे सिलिंडर आडवे, समोरासमोर असतात. त्यामुळे वरच्या बिछान्याला धक्का लागत नाही. १९९६ पर्यंतच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. त्याचे ऑइल चेंबर मात्र खाली लोंबते, म्हणून ते आखूड करून घ्यावे लागते. २.५ लिटरचे भावंड अधिक शक्तिमान, पण त्याच्या आरंभीच्या इंजिनांची हेड गॅस्केटबाबत अपकीर्ती आहे.

तिसरा पर्याय फोक्सवॅगन समूहाच्याच सरळ रांगेतील सिलिंडरांच्या इंजिनाचा. दक्षिण आफ्रिकेतील फोक्सवॅगनने १९९० च्या दशकात याच व्हॅनमध्ये ऑडीचे पाच सिलिंडरांचे इंजिन बसविले होते.

चौथा पर्याय १.९ लिटर टर्बो डिझेलचा. ते इंधनात काटकसरी असते. कारखान्यातून डिझेल व्हॅन निघत असल्याने बसविण्याचे पुष्कळसे सुटे भाग मुळातलेच चालतात. मात्र युरोपातील अनेक शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना प्रवेशबंदी आहे, हे विसरता कामा नये.

इंजिनाची किंमत म्हणजे प्रकल्पखर्च नव्हे

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना केवळ यंत्राची किंमत पाहून चालत नसे. पाया, वीजजोडणी, उभारणी आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद धरल्यावरच प्रकल्पखर्च ठरे. येथेही तोच न्याय लागू पडतो. भंगारबाजारातील इंजिन स्वस्त मिळेल. पण त्याला गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट, फ्लायव्हील, क्लच, आधार, वायरिंग, नियंत्रक संगणक आणि सायलेन्सर यांचा खर्च वेगळा. या गाडीचा रेडिएटर पुढे व इंजिन मागे, त्यामुळे कूलंटचे लांब पाइपही जुने झाले असल्यास बदलावे लागतात. शिवाय मूळ गिअरबॉक्स कमी शक्तीच्या इंजिनासाठी घडविलेला. वाढीव भाराने तो लवकर झिजतो. त्याच्या दुरुस्तीची तरतूद पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावी.

कायद्याचे बंधन

कॅलिफोर्नियात बदली इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते. त्याची मूळ प्रदूषण-नियंत्रण उपकरणेही सोबत बसवून अधिकृत तपासणी करून घ्यावी लागते. जर्मनीत बदलाची तपासणी होऊन नोंद व्हावी लागते. तेथे ३० वर्षांवरील गाड्यांना मिळणारा ऐतिहासिक दर्जा परक्या इंजिनामुळे धोक्यात येऊ शकतो. ब्रिटनमध्ये इंजिनातील बदल नोंदणी कार्यालयास कळवावा लागतो. नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ही जोखीम कुटुंबाने पत्करू नये.

निवड

ज्यांचा प्रवास वर्षातून काही आठवडे व बहुशः सपाटीवर होतो, त्यांनी मूळ इंजिनच जाणकाराकडून बांधून घ्यावे. डोंगराळ प्रदेशात वारंवार जाणाऱ्यांना २.२ लिटरचे सुबारू हितावह. पण ते जवळच्या मिस्त्रीला दुरुस्त करता यावे आणि त्याचे भाग गावातच मिळावेत. वायरिंगचा आराखडा व बसविलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक वहीत नोंदवून ती वही गाडीतच ठेवावी. अर्धवट सोडलेल्या रूपांतराला बाजारात भाव नसतो. पूर्ण रक्कम, पूर्ण परवानगी आणि काम तडीस नेणारा कारागीर, या तीन गोष्टी हाती आल्याखेरीज जुने इंजिन उतरवू नये.