नर्सबाईंचा संगणक : माप कोणाचे घ्यायचे?

कापडाच्या व्यापाऱ्याने नर्सबाईंच्या संगणकावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण बोदवड, भुसावळ, जळगावकडची आपली मुले आता दुकानांच्या बिलाचे प्रोग्राम लिहितात. उद्या दवाखान्याचे कामही त्यांच्याकडे येईल. दोन्ही कामांत एक चूक सारखीच होते आणि ती आम्ही गल्ल्यावर बसून पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानात असा प्रोग्राम आला. बनवणारा कधी कापडाच्या दुकानात बसला नव्हता. पडद्यावर आधी गिऱ्हाइकाचे नाव, मग मालाचा नंबर, मग मीटर. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी ताग्यावर हात फिरवते, मग भाव करते, मग कापड फाडले जाते. नावाची वेळ सर्वांत शेवटी. लग्नसराईत सेल्समन सारे चिठ्ठीवर लिहू लागले आणि रात्री दुकान वाढवल्यावर संगणकात भरू लागले. "या गिऱ्हाइकाची उधारी मर्यादेपुढे गेली" हा इशारा यायचा, तोवर माल त्याच्या घरी पोहोचलेला असायचा.

आमचे नुकसान उधारीपुरते होते. दवाखान्यात असा इशारा रात्री आला तर मूल हातचे जाते.

मण्यांवरचे निदान

उपकेंद्रात नेहमी डॉक्टर नसतो. आई खोकणारे तान्हे घेऊन येते आणि साधी सर्दी की न्यूमोनिया, हे नर्सलाच ठरवावे लागते. नियम सोपा आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. वय 2 महिन्यांच्या आत असेल तर 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच निदान निरक्षर सुईणींच्या हाती दिले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लाल मणी आला की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. पुढे याच संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच तपासणी आणि उपचार करणाऱ्या गावातल्या बायका तयार केल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तिथे यंत्र साधेच होते, पण ते वापरणारीचे माप घेऊन बनवले होते.

संगणकाचा अनुभवही तेच सांगतो. इंग्लंडमध्ये लीड्स येथे डॉ. डी डोम्बाल यांनी पोटदुखीच्या 304 रुग्णांवर प्रोग्राम तपासला. 1972 सालच्या त्या अहवालात संगणकाचे निदान 91.8 टक्के बरोबर निघाले, तर तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे 79.6 टक्के. ही गोष्ट डॉक्टरांची खरी. पण ठरलेल्या क्रमाने, ठरलेले प्रश्न विचारू लागल्यावर डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारले, हे त्यातले खरे शिकण्यासारखे. टांझानियात आरोग्य कर्मचाऱ्यांना बालरोगांची नियमावली हातातल्या छोट्या संगणकावर दिली, तेव्हा कागदी पुस्तिकेपेक्षा तपासणीच्या पायऱ्या कमी गाळल्या गेल्या.

बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

क्रम नर्सचा असावा. पडद्याने आधी वजन मागितले तर काट्यावर मूल रडणार, आणि रडत्या मुलाची श्वासमोजणी वाया जाणार.

भाषा आईची असावी. आमच्या मोहल्ल्यात आई "धाप" म्हणत नाही, "बच्चे की पसली चल री" म्हणते. हा शब्द प्रोग्रामला ठाऊक नसेल तर प्रश्न चुकेल आणि उत्तरही.

कारण दिसावे. नुसते "न्यूमोनिया" नको. "वय 7 महिने, श्वास 54, मर्यादा 50" असे लिहून यावे, म्हणजे शंका आल्यास नर्स पुन्हा मोजेल. मोजणीच चुकली तर कितीही महागडा संगणक चुकीचेच उत्तर देईल.

नकाराला जागा असावी. समोरचे मूल नर्स पाहत असते, संगणक पाहत नसतो. तिने सल्ला बाजूला ठेवला तर कारण नोंदवून पुढे जाता यावे. त्या नोंदींतूनच प्रोग्राम सुधारतो.

इशारे मोजके असावेत. दर पानावर लाल अक्षर आले की कोणीही ते वाचत नाही.

आणि वीज गेली, रेंज गेली, तरी काम चालावे. आपल्या भागात हे सांगण्याची गरज नाही.

संगणकवाल्या मुलांना आमचा सल्ला एवढाच. असे काम मिळाले तर बयाणा घेण्याआधी एखाद्या उपकेंद्रात आठ दिवस बसावे. त्यात लसीकरणाचा दिवस जरूर धरावा. एका हातात रडते मूल, दुसऱ्या हातात रजिस्टर आणि दारात रांग असताना नर्स कोणता प्रश्न आधी विचारते, ते वहीत उतरवून घ्यावे. प्रोग्रामचे पहिले पान तेच.