बँकेने पोटात ठेवावयाच्या गोष्टी

सराफ-सावकारांच्या जुन्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना त्यांतील मुडिया लिपी आठवत असेल. काना-मात्रा गाळून लिहिण्याची ती रीत वेगासाठी असली, तरी तिचा एक परिणाम असा होई, की परक्याने वही उघडली तरी त्यास कोणाकडे किती येणे आहे हे सहसा उमगत नसे. ऋणकोची अब्रू लाल कापडाच्या बासनात सुरक्षित राही.

पुढे पेढ्यांची जागा बँकांनी घेतली. आमच्या इंदुरात होळकर दरबाराच्या आश्रयाने १९२० साली बँक ऑफ इंदूर स्थापन झाली. १ जानेवारी १९६० पासून ती स्टेट बँकेची उपबँक झाली व स्टेट बँक ऑफ इंदूर या नावाने येथील घराघरांत पोचली. तिला लागू असलेल्या १९५९ च्या कायद्यात निष्ठा व गुप्तता पाळण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत घातलेले होते. २६ ऑगस्ट २०१० रोजी ती मूळ स्टेट बँकेत विलीन झाली. जुनी पाटी उतरली, याचे दुःख अनेकांस झाले. परंतु खातेदारांच्या गोष्टी पोटात ठेवण्याचे कर्तव्य काही उतरले नाही, कारण स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यातही तेच बंधन आहे. १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांच्या कायद्यानेही ते मान्य केले.

या कर्तव्याचे मूळ एका इंग्रजी खटल्यात सापडते. टुर्निअर नावाच्या गृहस्थाच्या खात्यावर सुमारे नऊ पौंडांची उचल थकली होती. हप्ते चुकल्यावर शाखा-व्यवस्थापकाने त्याचा पत्ता मिळविण्यासाठी त्याच्या मालकांस दूरध्वनी केला, आणि बोलण्याच्या ओघात त्याचे खाते थकले आहे व तो पैजा लावीत असावा, असेही सांगून टाकले. टुर्निअरची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने खटल्याची फेरसुनावणी करण्याचा आदेश देताना ठरविले, की ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हा बँकेशी झालेल्या कराराचाच भाग होय. अपवाद चारच: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचे कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताची गरज आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडील न्यायालयेही हाच दाखला देत आली आहेत.

वाचकांनी या कथेतील एक बारकावा ध्यानात घ्यावा. व्यवस्थापकाने कागद चोरले नव्हते. तो केवळ बोलला होता. आणि बोलण्याची ही सवय आपल्या समाजास मुळीच अपरिचित नाही! आपल्यातील कित्येक घरांत बँकेची नोकरी जवळजवळ वंशपरंपरेने चालत आलेली. सोयरीक जुळविताना, ‘‘अहो, त्यांचे खाते तुमच्याच शाखेत आहे ना? जरा पाहून सांगा की,’’ असे सहज म्हटले जाते. विचारणाऱ्याच्या मनात मुलीची काळजी असते, सांगणाऱ्याच्या मनात आपलेपणा असतो. आणि ज्याची शिल्लक या घरातून त्या घरात जाते, त्यास मात्र काहीच ठाऊक नसते. अशा वेळी हसून विषय बदलणाऱ्या कारकुनास आपण शिष्ट म्हणतो. आमच्या मते तो आदरास पात्र आहे.

घरातल्या घरातही हाच नियम. खाते संयुक्त नसेल वा लेखी अधिकारपत्र दिलेले नसेल, तर सुनेची शिल्लक सासऱ्यांस, किंवा पत्नीचे व्यवहार पतीस सांगण्यास बँक बांधील नाही. किंबहुना तिने ते सांगताच कामा नये. मुलगा पुण्यास किंवा अमेरिकेत, आई-वडील येथे, आणि तो दूरध्वनीवरून व्यवस्थापकावर रागावतो, की ‘‘मी मुलगा असून मला सांगत नाही म्हणजे काय?’’ पण दुसऱ्या टोकाला बोलणारा खरोखर मुलगाच आहे, हे व्यवस्थापकाने कशावरून ओळखावे? वडिलांनी धडधाकट असतानाच अधिकारपत्र भरून द्यावे किंवा खाते संयुक्त करावे, हा त्यावरील साधा उपाय.

सरकारलाही मोकळे रान नाही. आंध्र प्रदेशात मुद्रांक कायद्याच्या आधारे जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कोणाही व्यक्तीस बँकेतील कागद तपासता येतील, अशी तरतूद होती. कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. कागद बँकेच्या हाती दिले म्हणून त्यांवरील खाजगीपणाचा हक्क संपत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. पुढे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणास मूलभूत हक्क मानले, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला.

अर्थात आता वही बासनात नाही, यंत्रात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक-यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डे वापरून अनेक देशांतील एटीएममधून रकमा उचलल्या गेल्या. सामान्य खातेदार अशा हल्ल्यापुढे काय करणार? २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरविले, की दोष बँकेचा असेल, अथवा तो तिऱ्हाइताचा असून खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर नुकसान खातेदारावर पडू नये. मात्र त्याने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. फसवणूक होताच बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आधारची प्रत कोठे द्यावी लागलीच, तर शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत काढता येते, हे अनेकांस ठाऊक नसते.

एक घरगुती बाब राहिली. नॉमिनीची नोंद केल्यावर पासबुकावर त्याचे नाव छापावे की नाही, हे खातेदाराच्या मर्जीवर आहे. नाव नको असेल तर नोंद झाली आहे, एवढेच छापले जाते. म्हणजे पासबुक टेबलावर पडून राहिले तरी कोणा मुलास झुकते माप दिले याची कुजबुज नको. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार नॉमिनी नेमता येतात. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, वारसांचा हक्क त्याने बुडत नाही, हेही सर्व भावंडांना आई-वडिलांनी आपल्या तोंडून सांगितलेले बरे. ते बँकेने सांगावयाचे काम नव्हे.