मखमलीवर इस्तरी टेकवण्याआधी

शेतकी खात्यातल्या माणसाने खताची मात्रा सांगावी, बोंडअळीचा उपाय सांगावा. त्याने इस्तरीवर लिहायचे म्हणजे तुम्हाला हसू येईल. पण हा धडा मी पदरचे पैसे मोजून शिकलो आहे, म्हणून सांगतो.

आमची मंडळी घरी ब्लाउज शिवतात. तीन वर्षांपूर्वी लगीनसराईत गावातल्याच एका घरचे मरून रंगाचे मखमली ब्लाउज शिवायला आले होते. लग्न दोन दिवसांवर. ब्लाउज शिवून तयार होते, इस्तरी तापली होती आणि मंडळी चुलीपाशी अडकल्या होत्या. मला वाटले, तेवढाच आपला हातभार. पुढच्या भागावर सरळ इस्तरी फिरवली. उचलून पाहतो तो इस्तरीच्या आकाराचा चकचकीत डाग! हाताने चोळला, पाणी शिंपडले, काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने तालुक्याला जाऊन नवे कापड आणले. मंडळींनी रात्रभर बसून ब्लाउज पुन्हा शिवले. शिलाई बुडाली, वर कापडाचा खर्च. गिऱ्हाईक तुटले नाही एवढेच नशीब.

असे का झाले, हे तुम्हाला चटकन कळेल. गव्हाच्या उभ्या पिकात वादळ शिरले की पीक लोळते. लोळलेल्या पट्ट्यावर ऊन पडले की तो दुरून वेगळाच चमकतो. मखमलीचेही तसेच. तिच्या तळाच्या विणीवर बारीक धागे पिकासारखे दाट उभे असतात. पुष्कळदा दोन कापडे समोरासमोर एकदम विणतात, मधले धागे पात्याने कापतात आणि एकाची दोन मखमली होतात. ते कापलेले टोक म्हणजेच मखमलीचा मऊपणा. वरून गरम इस्तरी दाबली की उभे पीक लोळलेच. साधी मखमल असेल तर निदान पुन्हा उठवता येते. पण पॉलिस्टरची असली आणि इस्तरी फार तापलेली असली, तर धागे वितळून एकमेकांना चिकटतात. त्याला औषध नाही.

म्हणून मखमलीला नेहमी उलट्या बाजूने इस्तरी करावी, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण तेवढ्याने भागत नाही. उलटी करून कडक टेबलावर ठेवली तर खालची बाजू टेबलावर चिरडतेच. खरा प्रश्न इस्तरीचा नाही, मखमलीखाली काय आहे याचा आहे.

यासाठी एक खास पाट मिळतो. एका जाड बैठकीवर पोलादी तारांचे बारीक टोकदार केस ओळीने उभे केलेले असतात. मखमलीची सुलट बाजू त्यावर पालथी ठेवायची. मखमलीचे केस त्या सुयांच्या मधल्या फटींत उतरतात, कापडाचे वजन सुयांच्या टोकांवर तोलले जाते आणि केस चिरडत नाहीत. पाटाच्या काठावर मात्र दाब देऊ नये, काठाची रेघ उमटते. पाट ओला ठेवू नये, गंजला की त्याचा डाग कापडावर येतो. गावातल्या दुकानात हा पाट मिळायचा नाही. शहरातल्या शिवणसाहित्याच्या मोठ्या दुकानात चौकशी करावी. लग्नाची कामे वरचेवर येत असतील तरच घ्यावा.

नाही तर घरचा उपाय आहे, आणि तो चांगला आहे. मखमलीचाच एक तुकडा टेबलावर सुलट पसरा आणि त्यावर आपले काम पालथे ठेवा. केसांत केस मिसळतात. तुकडा नसेल तर जाड, लोंबत्या धाग्यांचा टॉवेल दुहेरी करून घाला. पण मखमलीची सर त्याला नाही. मग वाफेची इस्तरी कापडापासून बोटभर वर धरून वाफ सोडायची, टेकवायची नाही. शिवण बसवायची असेल तर इस्तरीच्या नुसत्या टोकाने शिवणीवर हलके टेकवून लगेच उचलावे. घासत नेऊ नये. कापड थंड आणि कोरडे होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घाई इथेच नडते.

मखमलीची माया उघडून इस्तरी केली की मायेच्या काठाची रेघ सुलट बाजूला दिसते. त्याला तोड म्हणजे गोल आधार. घरचे जुने लाटणे घ्या, त्यावर लोकरी शालीचा तुकडा घट्ट गुंडाळा, वरून धुतलेल्या मांजरपाटाची खोळ शिवा. मखमल असेल तर खोळीवर मखमलीचाच पट्टा घाला. शिवण लाटण्याच्या माथ्यावर येते, मायेचे काठ दोन्हीकडे उतरतात आणि इस्तरीचा दाब त्यांच्यावर पडत नाही. बाहीच्या शिवणीला याहून सोपे साधन मी पाहिलेले नाही.

कटोरी, टक्स आणि मुंढा यांना सपाट टेबल चालतच नाही. आपण शिवलेला फुगीरपणा आपणच मोडतो. त्यासाठी अंड्याच्या आकाराची कडक उशी करतात. मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून त्यात वखारीतला वाळलेला, चाळलेला लाकडाचा भुसा ठासून भरा. तेलकट किंवा रंग सोडणाऱ्या लाकडाचा भुसा नको. इतका ठासा की अंगठा रुतता कामा नये. कापूस भरलात तर उशी दबते आणि काम बिघडते.

रेशमाला वेगळी काळजी. तुतीची लागवड करून रेशीमकिडे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे की कोष गरम पाण्यात मऊ केल्यावरच धागा सुटतो. रेशीम हे आपल्या केसांसारखेच प्रथिन. जास्त उष्णतेने पिवळे पडते आणि पाण्याच्या थेंबाचा डाग धरते. त्यावर पाणी शिंपडू नये. जुन्या, खळ गेलेल्या पांढऱ्या धोतराचा तुकडा वर घालून उलट बाजूने, कमी उष्णतेवर इस्तरी करावी. जरीवर आणि टिकल्यांवर तर इस्तरी थेट कधीच नको. हल्ली बरीच जर प्लास्टिकच्या पट्टीची असते, ती आकसते. भरतकाम टॉवेलवर पालथे ठेवले की टाके टॉवेलात बसतात, चपटे होत नाहीत.

कापड कशाचे हे कळत नसेल तर मायेतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर रेशीम. कागदासारखा भुरकन जळला तर सूत किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन.

आणखी एक, हे माझ्या खात्यातले. ज्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे थर धरतात ते पाणी वाफेच्या इस्तरीत घालू नका. क्षार साचून भोके बुजतात आणि एखाद्या दिवशी पांढरे पाणी नेमके गडद मखमलीवर गळते. पावसाळ्यात स्वच्छ फडक्यातून गाळून धरलेले पाणी बाटलीत भरून ठेवा. कोळशाची इस्तरी असेल तर मखमलीच्या वाटेला जाऊच नका. तिची उष्णता हातात राहत नाही आणि राख उडते ती वेगळीच. त्यापेक्षा किटलीत पाणी उकळून तोटीच्या वाफेवर मखमल उलट्या बाजूने हातभर अंतरावर धरा. भाजण्याइतकी जवळ नको. दबलेले केस याच वाफेने आणि मऊ ब्रशाने हळूहळू उठतात. रेयॉनची मखमल ओली असताना मात्र ब्रश लावू नका, वाळू द्या.

माझ्या हातून बिघडलेल्या त्या मरून ब्लाउजची पाठ चांगली होती. मंडळींनी ती उसवून टेबलावर अंथरली. तिच्यावर आजवर बरीच मखमली ब्लाउजे झाली आणि गेल्या पोळ्याला आमच्या बैलांच्या झुलीही. इस्तरी मात्र मला अजून हातात मिळालेली नाही.