काव्येतिहाससंग्रह

मराठ्यांच्या इतिहासाची अप्रकाशित साधने आणि जुने मराठी व संस्कृत काव्य छापून प्रसिद्ध करण्यासाठी पुणे येथे निघालेले मासिक (१८७८–८८). विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. साने इतिहासाचा व मोडक काव्याचा भाग पाहत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांचेही संपादनास साहाय्य होते.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला व दीर्घकाळ तोच प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर मार्मिक टीका केली. परंतु डफची विधाने पारखावयाची, तर मूळ कागद अभ्यासकांपुढे यावयास हवे होते. ते सरदार, चिटणीस, फडणीस इत्यादींच्या वंशजांकडे रुमालांत बांधून पडले होते. वाळवी व ओल यांनी त्यांचा नाश चाललाच होता. शिवाय दप्तर परक्याच्या हाती गेल्यास आपली वतने व इनामे धोक्यात येतील, ही इनाम कमिशनच्या काळापासूनची धास्ती घराण्यांच्या मनातून गेली नव्हती. कागद मिळविणे, मोडीतून ते बालबोधीत उतरविणे व टीपांसह छापणे, हे काम या मासिकाने मराठीत प्रथमच नियमितपणे केले.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेले शिवचरित्र, मल्हार रामराव चिटणिसाचे लेखन, भाऊसाहेबांची बखर, पानिपतची बखर, सोहनीकृत पेशव्यांची बखर इ. ग्रंथ यातून क्रमशः वाचकांपुढे आले. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणजे काशीराव राजेश्वर गुप्ते याची नागपूरकर भोसल्यांची बखर. मराठी सत्तेचे लक्ष पुण्या-साताऱ्यावर खिळलेले असताना नागपूर दरबाराचा वृत्तांत तीत एकत्र सापडतो, हे तिचे मोल. काव्यविभागाचे कार्य तुलनेने कमी गाजले. मोडकांनी ते पुढे वामन दाजी ओक यांच्यासह ‘काव्यसंग्रहा’त (१८९०) चालू ठेवले.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून अस्सल पत्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर बखरींची विश्वसनीयता ओसरली. बखरकार बहुधा घटनेनंतर लिहितो, तिथी चुकवितो व ऐकीव गोष्टी सजवितो, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र त्यावरून मासिकाचे महत्त्व कमी लेखणे योग्य नव्हे. बखर छापली गेली, म्हणूनच ती पत्रांशी ताडून पाहता आली. खेरीज बखरींबरोबर पत्रे व यादीही या मासिकात प्रसिद्ध होत असत. या कागदांची पुनरावृत्ती गो. स. सरदेसाई, या. मा. काळे प्रभृतींनी १९३० मध्ये काढली. नागपूरकर भोसल्यांच्या बखरीची सुधारलेली आवृत्ती काळे यांनीच १९३६ मध्ये नागपूर येथे संपादिली.