यंत्रांचे सारथी व त्यांचे दोष

'ड्रायव्हर' हा शब्द कानीं पडला म्हणजे ठाणें, डोंबिवली, कल्याण या बाजूच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें आगगाडीच येणार, व तें साहजिकहि आहे. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून निघालेली गाडी ठाण्यास येऊन थांबली आणि पुढील वर्षीं मे महिन्यांत ती कल्याणास पोंचली; तेव्हांपासून या भागांतील संसार घड्याळापेक्षां गाडीवरच अधिक चालत आले आहेत. प्रस्तुत लेखांत ज्या ड्रायव्हरांची हकीकत सांगावयाची आहे ते मात्र मनुष्य नव्हेत. संगणकाच्या पोटांत वसणाऱ्या, आज्ञांनीं भरलेल्या त्या लहान लहान पोथ्या आहेत. आणि आज ज्या घरांत संगणक नाहीं असें सुशिक्षित घर या पट्ट्यांत शोधावेंच लागेल, त्या अर्थीं त्यांची ओळख करून घेणें अस्थानीं होणार नाहीं.

संगणकाचा अंतर्गत कारभार ज्या एका मूळ आज्ञावलीच्या हातीं असतो तिला 'कर्नल' म्हणतात. हा पलटणींतील कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आंत जो गर निघतो त्यास इंग्रजींत जो शब्द आहे तो हा. आपण त्यास गाभा म्हणूं. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाशीं त्याची तुलना चांगली जुळते. कोणास किती जागा द्यावयाची, कोणाचें काम आधीं व कोणाचें मागून, दोघांत तंटा होऊं लागल्यास कोणास थांबवावयाचें, हें सर्व तो ठरवितो. परंतु दारीं येणाऱ्या प्रत्येकाची बोली कर्त्यास ठाऊक नसते. कीबोर्ड, तबकडी, छपाईचें यंत्र, टेलिफोनच्या तारेशीं जोडणारा मोडेम, या प्रत्येकाची रीत निराळी, आणि ती त्याच्या कारखानदारानें आपल्या मर्जीप्रमाणें ठरविलेली. म्हणून प्रत्येकाशीं बोलावयास घरांतील एकेक माणूस नेमलेलें असतें. तोच हा ड्रायव्हर.

युनिक्स नांवाची संगणकव्यवस्था १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं प्रथम उभारली. विद्वानांत ती लवकरच मान्य झाली. पण तिचा मूळ पाठ परवाना घेणारांवांचून इतरांस पाहावयास मिळत नसे. मूळ पाठ हातीं नसणें म्हणजे काय, याचा अनुभव रिचर्ड स्टॉलमन यांस १९८० च्या सुमारास एम्. आय्. टी. या संस्थेंत आला. त्यांच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचें छपाईचें एक नवें यंत्र मिळालें होतें. पूर्वींच्या यंत्राच्या आज्ञावलींत त्यांनीं स्वतः अशी सोय केली होती कीं, कागद अडकला तर वाट पाहणारांस आपोआप सूचना जावी. नव्या यंत्राची आज्ञावली बंद होती. दुसऱ्या एका विद्यापीठांतील ज्या संशोधकापाशीं तिचा पाठ होता त्याजकडे स्टॉलमन गेले, तेव्हां तो कोणास न देण्याचें वचन आपण दिलें आहे असें सांगून त्यानें नकार दिला. गोष्ट क्षुल्लक खरी! कागद अडकतो, मनुष्य उठून तो काढतो. परंतु आपल्याच घरांतील कुलूप बिघडावें आणि तें दुरुस्त करूं न देण्याची शपथ कुलुपवाल्यानें कोणापाशीं तरी घेतलेली असावी, तशांतला हा प्रकार स्टॉलमन यांच्या मनास लागला. सर्वांस वाचतां व सुधारतां येईल अशी युनिक्ससारखी व्यवस्था उभारण्याचा संकल्प त्यांनीं १९८३ सालीं जाहीर केला, त्याच्या मुळाशीं इतर कारणांबरोबर एक ड्रायव्हर होता हें विसरूं नये.

त्या व्यवस्थेचीं बरींच अंगें तयार झालीं. गाभा मात्र राहिला. तो आला फिनलंडांतून. हेलसिंकीचे एकवीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ च्या जानेवारींत ३८६ जातीचा संगणक विकत घेतला. विद्यापीठाच्या संगणकाशीं घरून बोलतां यावें म्हणून त्यांनीं प्रथम एक लहानशी आज्ञावली रचली. मग आणलेला मजकूर ठेवावयास जागा हवी म्हणून तबकडीचा ड्रायव्हर लिहिला. आणि असें एकामागून एक करतां करतां सप्टेंबरपर्यंत सुमारें दहा हजार ओळींचा गाभा सिद्ध झाला. हाच लिनक्स. तबकडी त्यांच्यापाशीं होती त्या जातीची, कीबोर्ड फिनलंडचा. याबाहेरचें जग त्यास ठाऊक नव्हतें. एकदां मोडेमकडून फोन लावावयाच्या ऐवजीं तो हुकूम त्यांनीं चुकून तबकडीकडेच पाठविला, आणि फोनच्या आंकड्यांनीं तबकडीवरील मजकुराचा नाश केला. सारथी आज्ञाधारक असला तरी घोडा कोणता जुंपला आहे तें सांगणारानेंच पाहावें लागतें. १९९२ च्या आरंभीं त्यांनीं स्टॉलमन यांच्याच पद्धतीचा परवाना स्वीकारला आणि जगांतील कोणासहि हा पाठ घेण्यास, बदलण्यास व वांटण्यास मोकळीक झाली.

मोकळीक झाली खरी, पण त्याबरोबर जगांतील नाना तऱ्हेचीं यंत्रेंहि दारीं आलीं. एखाद्या यंत्राचें काम झालें, किंवा त्याजपाशीं कांहीं आलें, कीं तें गाभ्यास हांक मारतें. तिला 'इंटरप्ट' म्हणतात. त्या काळच्या संगणकांत अशा हांकांच्या वाटा मोजक्या होत्या. बाहेरून तार जोडावयाचीं जीं चार ठिकाणें असत त्यांपैकीं पहिल्यास व तिसऱ्यास मिळून एकच वाट, दुसऱ्यास व चौथ्यास मिळून एक. पहिल्यास माऊस लाविला व तिसऱ्यास मोडेम, तर माऊस हलवितांच फोनवरील संभाषण गोठावें, असा चमत्कार होई. घरांतील मंडळी टेलिफोन खात्यास दोष देत, खातें संगणक विकणारास दोष देई, आणि खरा अपराध कार्डावरील एका चिमुकल्या 'जंपर'चा असे.

जाळ्याच्या कार्डांची तऱ्हा याहून विचित्र. स्वस्तांत मिळणारीं हीं कार्डें आपला पत्ता सांगत नसत. ड्रायव्हर एकामागून एक पत्त्यांवर जाऊन कडी वाजवी. चाळींत नांव ठाऊक नसतां बिऱ्हाड शोधावें तसें. परंतु एखाद्या पत्त्यावर भलतेंच यंत्र बसलेलें असे, व तें या कडी वाजविण्यानें असें बिथरे कीं संगणक जागच्या जागीं स्तब्ध होई. यावर उपाय साधा निघाला: मालकानेंच आरंभीं पत्ता सांगावा व दारोदार हिंडणें वांचवावें. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडर्ड केंद्रांत डोनाल्ड बेकर यांनीं अशा कार्डांचे अनेक ड्रायव्हर लिहिले व दुरुस्त केले. १९९४ सालीं त्यांनीं व थॉमस स्टर्लिंग यांनीं बाजारांत मिळणारे सोळा संगणक जोडून मोठ्या गणनायंत्राचें काम करून दाखविलें तें याच बळावर.

आतांपर्यंतचे दोष गोंगाट करणारे होते. अधिक भयंकर तो दोष, जो कांहीं बोलत नाहीं. १९९५ च्या सुमारास असें उघडकीस आलें कीं, ४८६ व पेंटियम जातीच्या अनेक संगणकांत तबकडी व गाभा यांच्यामध्यें बसविलेल्या दोन चिपा मूळांतच सदोष आहेत. एकीचें नांव आर्.झेड्. १०००, दुसरीचें सी.एम्.डी. ६४०. वेळ वांचविण्यासाठीं पुढचा मजकूर आधींच वाचून ठेवण्याची आर्.झेड्. १००० ची युक्ति. परंतु ऐन देवघेवींत दुसऱ्या यंत्राची हांक आली तर हातीं धरलेल्या मजकुरांतील कांहीं अक्षरें बदलून जात. धोक्याची सूचना नाहीं, यंत्र थांबणें नाहीं. एका वेळीं एकच काम करणाऱ्या जुन्या व्यवस्थेंत हें क्वचित् घडे. लिनक्ससारख्या अनेक कामें एकदम चालविणाऱ्या व्यवस्थेंत वारंवार. घरांत एकुलता एक संगणक, त्यांत दहा वर्षांचा जमाखर्च, मुलाचा प्रबंध, सोसायटीचे हिशेब. त्यांतील एखाद्या आंकड्याच्या जागीं दुसराच आंकडा केव्हां येऊन बसला हें कोणासच कळूं नये, यापेक्षां चोरी पत्करली.

चिप सोल्डर केलेली. ती काढून कोण देणार? दुरुस्ती ड्रायव्हरांतच करणें भाग होतें. कॅनडांतील मार्क लॉर्ड हे त्या वेळीं लिनक्समधील तबकड्यांचा भाग पाहत असत. त्या भागांत अशी तजवीज करण्यांत आली कीं, गाभ्यानें सुरू होतांच चिप ओळखावी, व आर्.झेड्. १००० असल्यास तिची आगाऊ वाचण्याची खोड बंद करावी. यानें काम शेंकडा थोडें मंदावे, पण मजकूर शुद्ध राही. सी.एम्.डी. ६४० च्या दोन शाखा एकदम चालविल्या तर घोटाळा होई, म्हणून एकीचें संपेपर्यंत दुसरीस तिष्ठत ठेविलें. आमच्या मतें या दुरुस्तींतील खरा गुण तिच्या चातुर्यांत नाहीं, निवडींत आहे: वेग व सत्य यांत तंटा पडला तेव्हां वेग सोडला.

अशी दुरुस्ती दूरवर पोंचे कशी? सर्व पोथी पुन्हां न पाठवितां, कोणत्या ओळी काढावयाच्या व कोणत्या घालावयाच्या एवढाच उतारा पाठवावयाचा. त्यास 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं अशीं ठिगळें बिनचूक बसविणारी आज्ञावली रचून दिली होती. आपल्याकडील वाचकांस हें काम अगदींच परकें वाटूं नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या शेंकडों हस्तलिखितांचे पाठ ताडून चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली, तेथेंहि ओळीला ओळ लावून भेद टिपण्याचेंच व्रत होतें. आणि नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां यापुढें कोणीं आपल्या पदरची ओवी घालूं नये असा दंडकहि घातला. लिनक्समध्यें ओवी घालण्यास कोणासहि मुभा आहे. मात्र ती स्वीकारावयाची कीं नाहीं हें त्या त्या भागाचा सांभाळकर्ता पारखून ठरवितो.

हिंदुस्थानांत ही विद्या घरोघर नेण्यास 'पीसी क्वेस्ट' मासिकाचा मोठा हातभार लागला. १९९६ सालीं त्यानें लिनक्सची तबकडी अंकाबरोबर वांटली. या उपक्रमाचे धुरीण अतुल चिटणीस हे जन्मानें बर्लिनचे, शिक्षणानें बेळगांवचे व व्यवसायानें बंगळूरचे. २०१३ सालीं त्यांचें देहावसान झालें. ठाणें-डोंबिवलीकडील तरुणांनीं अशा तबकड्या मोठ्या हौसेनें लाविल्या, पण ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तांत आणलेला मोडेम पुष्कळदां त्यांच्या हौसेवर पाणी पाडी. हे 'विनमोडेम'. त्यांस स्वतःची बुद्धि नव्हती. सर्व काम विंडोजमधील ड्रायव्हरनें करावयाचें, आणि त्याचा पाठ गुप्त. पुढें कांहीं कारखानदारांनीं लिनक्सकरितां बंद ड्रायव्हर दिले. असा ड्रायव्हर आंत घेतला कीं गाभा स्वतःवर एक खूण करून ठेवतो, अशी सोय २००१ सालीं झाली. तिचें इंग्रजी नांव आपल्या आजीबाईंच्या भाषेंत सांगावयाचें तर 'सोवळें मोडलें' असेंच सांगावें लागेल! कारण मात्र व्यवहारी आहे: जें वाचतांच येत नाहीं त्यांतील दोषाची चौकशी कोणीं व कशी करावी?

आज लिनक्सच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत व त्यांतील निम्म्याहून अधिक ड्रायव्हरांच्याच. कच्च्या ड्रायव्हरांस माजघरांत न घेतां आधीं ओसरीवर बसवावें, अशी वेगळी शाखा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं २००८ सालीं उघडली. २०१३ पासून स्त्रियांस या कामांत आणण्यासाठीं वेतन देऊन शिकविण्याची जी योजना गाभ्यांत चालू झाली तिच्या उमेदवारांचें पहिलें ठिगळ बहुधा या ओसरीवरच लागलें. त्यांत हिंदी मुलीहि आहेत. घरीं बसून, सी भाषेच्या ज्ञानावर, करतां येण्याजोगें हें काम आहे, हें आपल्या घरांतील लेकीसुनांच्या कानावर घालावयास हरकत नाहीं. इंग्रजी पत्रव्यवहार नेटका व मुद्देसूद असावा लागतो. पहिलें ठिगळ बहुधा परत येतें, तें सुधारून पुन्हां पाठवावयाचें असतें.

३८६ चा आधार लिनक्समधून २०१२ च्या डिसेंबरांत काढण्यांत आला. ज्या यंत्रावर त्याचा जन्म झाला त्यावर तो आतां चालत नाहीं. तबकड्यांचा जुना भागहि २०२१ सालीं काढला गेला. आर्.झेड्. १००० वरील उपाय मात्र त्यापूर्वींच नव्या भागांत उतरवून घेतलेला होता.