दूरच्या लघुग्रहांकडे जाणाऱ्या यानाचा हिशेब

गुरू ग्रह ज्या कक्षेतून सूर्याभोवती फिरतो, त्याच कक्षेत त्याच्या पुढे सुमारे साठ अंशांवर व मागेही तितक्याच अंतरावर लघुग्रहांचे दोन थवे आहेत. अशा जागी लहान वस्तू टिकून राहतील, हे गणित लाग्रांज या पंडिताने १७७२ सालीच मांडले होते. पहिला लघुग्रह मात्र मॅक्स वोल्फ यांस १९०६ साली सापडला. यांना ट्रोजन म्हणतात. ग्रह घडले तेव्हाचा उरलासुरला माल त्यांत शिल्लक असावा, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. त्याच्या शोधार्थ अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'ल्यूसी' यान १६ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाले.

असे यान बेतावयाचे म्हणजे काय? संस्थेचे अंदाजपत्रक ज्यांनी एकदा तरी बसविले आहे, त्यांस हे काम अगदीच परके वाटू नये. येथे जमेची बाजू म्हणजे अग्निबाणास उचलता येईल तेवढे वजन. ल्यूसीचे वजन निघताना सुमारे दीड हजार किलो होते व त्यातील निम्म्याच्या आसपास इंधनच. तेवढ्या इंधनात थेट तेथवर जाता येत नाही. म्हणून पृथ्वीजवळून जाताना तिच्याच आकर्षणाचा झोका घ्यावयाचा. असे झोके २०२२ व २०२४ मध्ये घेऊन झाले, तिसरा २०३० मध्ये ठरला आहे. थांबण्यापुरते इंधन तर नाहीच. प्रत्येक लघुग्रहाजवळून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने निघून जावयाचे. पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार, तेव्हा ऐन वेळी कॅमेऱ्याचा नेम यानाने आपला आपणच धरावयास हवा.

सर्वांत अवघड प्रश्न विजेचा. गुरूच्या अंतरावर ऊन येथल्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकेच पडते. म्हणून सात मीटरांहून अधिक व्यासाच्या दोन सौर तबकड्या, हातपंख्याप्रमाणे मिटवून, यानास जोडल्या. मोटरीने दोरी ओढून त्या उघडावयाच्या. एक नीट उघडली. दुसरीची कडी काही केल्या लागेना! आहे तशी सोडावी, की ओढून पाहावी व दोरी तुटण्याचा धोका पत्करावा? तंत्रज्ञांनी महिनोन् महिने पृथ्वीवरच्या नमुन्यावर प्रयोग केले. मग २०२२ च्या उन्हाळ्यात मुख्य मोटर व अडीअडचणीसाठी घेतलेली दुसरी मोटर एकदमच चालविली. तबकडी ३६० पैकी सुमारे ३५७ अंश उघडली. कडी शेवटपर्यंत लागली नाही, पण ताण पुरेसा बसला. त्या जादा मोटरीच्या वजनाला हिशेबात जागा ठेवली होती, हे आम्हांस विशेष वाटते.

१ नोव्हेंबर २०२३ रोजी यान डिंकिनेश या छोट्या लघुग्रहाजवळून गेले. ही नेम धरण्याची रंगीत तालीम होती. ती साधली, आणि डिंकिनेशला एक उपग्रह असून तोही दोन गोळे एकमेकांस चिकटून झालेला आहे, असे दिसून आले. ते कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. २० एप्रिल २०२५ रोजी डोनाल्डजोहान्सन हा लघुग्रहही पाहून झाला. ट्रोजनांपैकी पहिला, युरिबेटीस, आखणीप्रमाणे ऑगस्ट २०२७ मध्ये येईल. मागच्या थव्यातील पॅट्रोक्लस व मेनीशियस या जोडीशी गाठ पडण्यास २०३३ साल उजाडेल.