काळ आला होता. पण माणसे धावली!

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,' असे जिवावरच्या संकटातून वाचलेल्या माणसाविषयी आपण सहज म्हणून जातो. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन याच्या बाबतीत मात्र ही वेळ टाळली ती हाडामांसाच्या माणसांनी.

१२ जून २०२१. कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियमवर युरो स्पर्धेतील डेन्मार्क-फिनलंड सामना रंगला होता. पूर्वार्ध संपत आला असताना २९ वर्षांचा एरिक्सन, कोणाचाही धक्का लागलेला नसताना, मैदानावर कोसळला. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवून डॉक्टरांना पाचारण केले. कर्णधार सिमोन केअर मदतीला धावला. सहकाऱ्यांनी एरिक्सनभोवती कडे केले. संघाचे डॉक्टर मोर्टेन बोसन पोहोचले तेव्हा नाडी सुरू होती. काही क्षणांतच ती लागेनाशी झाली. छातीवर दाब देण्यास सुरुवात झाली, विजेचा एक झटका देण्यात आला आणि थांबलेले हृदय पुन्हा धडधडू लागले.

हा नेहमीचा 'हार्ट अ‍ॅटॅक' नव्हता. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडथळा येतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट'मध्ये मात्र हृदयाची पंपासारखी क्रियाच बंद पडते. बहुतेकदा त्यातील विद्युतलहरींची लय बिघडते, हृदय नुसते थरथरत राहते आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणूनच पहिली काही मिनिटे डॉक्टरांपेक्षा शेजाऱ्याच्या, सहप्रवाशाच्या हाती असतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे; पण शहरातील वाहतुकीतून वाट काढत ती येईपर्यंत काय करायचे? माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर कोणाला तरी फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला सुरुवात करावी. प्रौढ व्यक्तीसाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. या दाबामुळे मेंदूला थोडे तरी रक्त मिळत राहते. बिघडलेली लय थांबवण्याचे काम डिफिब्रिलेटर हे झटका देणारे यंत्र करते.

एरिक्सनच्या शरीरात पुढे हृदयाच्या लयीवर पहारा ठेवणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. रुग्णालयातून सुटताच, घरी जाण्यापूर्वी तो आपल्या सहकाऱ्यांना भेटायला गेला. इटलीत असे यंत्र घेऊन खेळण्यास मनाई असल्याने त्याला इंटर मिलान सोडावे लागले. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डकडून तो पुन्हा मैदानात उतरला. १६ जून २०२४ रोजी, त्याच युरो स्पर्धेत, त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोलही केला. केअर आणि वैद्यकीय पथकाला युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२१ चा अध्यक्षीय पुरस्कार देऊन गौरवले.

पार्केनवर डॉक्टर आणि यंत्र हाताशी होते. आपल्या सोसायटीच्या जिन्यात किंवा लोकलच्या फलाटावर ते असतीलच असे नाही. तेथे असतील ती फक्त माणसे. जीव वाचवणाऱ्यांचे ऋण शब्दांनी फिटत नाही. पण ही साधी विद्या शिकून घेतली, तर उद्या कोणा अनोळखी माणसासाठी आपलेही हात पुढे होतील.